गलाईची वाट

परमुलखात राहायला आणि काम करायला निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. उतरायचे कुठे, पहिले काही महिने खायचे काय, भाषा कशी शिकायची, अडल्यानडल्याला कोण, आणि मागे राहिलेल्या घराचे काय? आज यांची उत्तरे सल्लागार देतात, नोकरी देणारी कंपनी देते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातल्या खटाव, माण या तालुक्यांतल्या शेतकरी घरांनी याच प्रश्नांची उत्तरे स्वतःची स्वतः तयार केली आणि काश्मीरपासून केरळपर्यंतच्या सराफ पेठांत सोने-चांदी शुद्ध करून देण्याची दुकाने थाटली. हा गलाईचा धंदा. या माणसांनी मुलूख का सोडला असे विचारले की एका शब्दात उत्तर मिळते : दुष्काळ. मला ते अपुरे वाटते. दुष्काळाने माणूस घराबाहेर काढला हे खरे, पण तो कुठे गेला आणि तिथे कसा टिकला, हे त्या धंद्याच्या स्वभावाने आणि माणूस पुढे नेण्याच्या एका पक्क्या रीतीने ठरवले.

दुष्काळाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. महाबळेश्वरावर पाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणारा पाऊस सह्याद्री ओलांडून पूर्वेला येईपर्यंत रिता होतो. माण आणि आटपाडीच्या वाट्याला वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो, तोही बेभरवशाचा. माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळातल्या कामांची आठवण आहे. १९७२ ने तर सगळ्या महाराष्ट्राला खडी फोडायला लावली. हा सारा पट्टा एकाच दैवाचा. मधली जिल्ह्याची हद्द फार जुनी नाही : १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि आटपाडी तर त्याआधी औंध संस्थानात होती. पण याच सातारा जिल्ह्यात पाटण आणि जावळीही आहेत. तिथे धो धो पाऊस पडतो, तरी तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, गिरण्यांत राबली, गोदीत आणि बाजारात ओझी वाहिली. या ओझी वाहणाऱ्यांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले आणि त्यांच्यासाठीचा माथाडी कायदा १९६९ चा. म्हणजे पाऊस भरपूर असूनही माणूस बाहेर पडतो. उलट, माण-आटपाडीच्या दुष्काळातून निघालेले सगळेच काही सोन्याकडे वळले नाहीत. कुणी ऊसतोडीला गेले, कुणी मेंढरे घेऊन घाटाखाली उतरले. एकाच कारणातून इतक्या वेगवेगळ्या वाटा फुटत असतील, तर गलाईची वाट समजून घ्यायला त्या कारणाच्या पुढे जावे लागते.

त्यासाठी भट्टीपाशी जाऊन पाहावे लागते. सोनाराकडे मोडीचे सोने येते, त्यात तांबे असते, चांदी असते, डाग असतो. गलाईवाला ते मुशीत घालून आटवतो आणि त्यात मुद्दाम आणखी चांदी घालतो, इतकी की सोन्याचा वाटा चौथाईवर येतो. सोने शुद्ध करायचे तर आधी ते एवढे पातळ करावे लागते, कारण सोन्याचा वाटा जास्त राहिला तर तेजाब आत शिरत नाही. मग त्याचा पातळ पत्रा किंवा दाणे करून ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडात उकळतात. तांबूस-तपकिरी धूर उठतो, चांदी आणि तांबे विरघळतात आणि तळाशी मातकट तपकिरी चुरा उरतो. अनोळखी माणूस तो चुरा फेकून देईल. तो धुऊन, वाळवून, टाकणखार घालून पुन्हा मुशीत आटवला की पिवळीजर्द लगड बाहेर पडते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही : त्या हिरवट-निळ्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की त्यांच्यावर राखाडी चांदी धरते. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा गलाईवाला विकत घेतो, जाळतो, धुतो आणि तिच्यातून गुंजा-गुंजांनी सोने काढतो.

या कामाला भांडवल थोडे लागते. भट्टी, मूस, तेजाब, ताजवा आणि एक खोली असली की भागते. दागिना घडवण्याचे कसब लागत नाही, म्हणून नांगर धरणाऱ्या घरातल्या पोराला ते काही वर्षांत साधते. दुसरे असे की हे काम सोनारांच्या शेजारीच बसून करावे लागते. कुठलाही सोनार आपले तोळे-दोन तोळे सोने शुद्ध करायला दूरच्या शहरी पाठवत नाही; त्याला ते दिवस मावळायच्या आत हातात हवे असते. आणि एका पेठेला गलाईवाले मोजकेच पुरतात. मुंबईची गिरणी हजारोंना एका आवारात घेत असे. गलाईत मात्र थोरल्या भावाच्या दुकानासमोर धाकट्याने दुकान काढले तर दोघेही उपाशी राहतील. म्हणून धाकट्याला पुढचे गाव शोधावे लागले आणि त्याच्या मेहुण्याला त्याच्याही पुढचे. दुष्काळ कितीही तीव्र असता तरी त्याने माणसे इतकी पांगवली नसती. ती धंद्याने पांगवली.

आता रीत. पोरगा चुलत्याबरोबर, मामाबरोबर नाहीतर गावातल्या कुणाबरोबर जायचा. पहिली वर्षे दुकानातच झोपणे, झाडणे, भट्टी फुंकणे, सोनारांच्या घरी निरोप पोचवणे. तमिळ किंवा मल्याळम तो त्या निरोपांतूनच शिकला. मग टंच काढायला, म्हणजे धातूत सोने किती हे पारखायला बसायचे, आणि हात व नजर बसली की त्याच मामाच्या शब्दावर नव्या गावात खोली आणि पहिल्या सोनाराचे पहिले सोने. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेली मराठी माणसेही परमुलखात राबायलाच निघाली होती, पण त्यांच्या हाती मुदतीचा करार होता, आणि तो करार ऊसमळ्याच्या मालकाच्या सोयीचा होता. गलाईच्या पोराकडे करार नव्हता, जामीन राहणारा नातलग होता. मॉरिशसच्या मजुराला आपला मालक निवडता आला नाही. गलाईचा पोरगा काही वर्षांनी स्वतः मालक झाला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नात्यातून जाणाऱ्या वाटेवर ज्याचे नाते नाही त्याला पाऊल ठेवता येत नाही. गावातले भूमिहीन घर त्याच दुष्काळात होरपळले तरी त्याचा मामा कोइमतुरात नसतो. शिवाय शिकाऊ पोराला पगार नाही, शाळा सुटलेली, छातीत तेजाबाचा धूर. हे सारे मान्य केले पाहिजे. या रीतीने न्याय केला असा माझा दावा नाही. माझा दावा एवढाच की तिने माणूस टिकवला, आणि नाते तिथे सोयीपुरते नव्हते. आटवलेल्या सोन्यावर कुणाचीच खूण उरत नाही. ज्याने दहा तोळे दिले त्याला नऊच तोळ्यांची लगड मिळाली तर घट किती आणि चोरी किती, हे त्या खोलीत फक्त एकाला कळते. अशा धंद्यात परक्या गावचा सोनार ज्याच्यावर भरवसा ठेवतो त्याच्यामागे उत्तर देणारे कुणीतरी असावे लागते. पोराने दगा दिला तर मामाची पेठेतली पत जाते, आणि गावी चुलत्याला मान खाली घालावी लागते. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या नाहीतर रेणावीच्या रेवणसिद्धाच्या यात्रेला सगळे एकत्र येत. श्रद्धा होतीच, शिवाय कोण कसा वागतो याचा हिशेबही तिथेच होई, लग्ने तिथेच ठरत आणि पुढच्या वर्षी कुणाचा पोरगा कुणाबरोबर जाणार हेही.

सरकारने या धंद्याची सोय पाहिली असेही नाही. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले, चौदा कॅरेटवरचे नवे दागिने घडवायला मनाई झाली आणि सोनार देशोधडीला लागले. १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची लगड बाळगायलाच बंदी केली, शुद्धीकरणाला परवाना आणि सोनाराच्या साठ्याला मर्यादा घातली. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. माझा तर्क असा की साठा करता न आल्याने सोनाराला जवळच्या, झटपट काम करून देणाऱ्या गलाईची गरज उलट वाढली असावी. आणखी एक टांगती तलवार आजही आहे : चोराने आणलेले सोने नकळत आटवले तर चोरीचा माल घेतल्याचा आरोप, ज्याला पूर्वी भारतीय दंडविधानाचे ४११ कलम लागे, दुसऱ्या राज्याचे पोलीस घेऊन दारात येतो. तिथेही उपयोगी पडतो तो पेठेतला जुना सोनार आणि शेजारच्या गावातला आपला माणूस.

आता टंच यंत्रावर निघतो, जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि मोठ्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. नजरेची किंमत घटते आहे, हे दिसतेच. पण दुष्काळाचा सिद्धांत तपासायला याहून चांगली कसोटी हाताशी आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या टेंभू योजनेचे पाणी कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्याने उचलले गेले आणि खानापूर-आटपाडीच्या शिवारात पोचले. जिथे कुसळे उगवत तिथे डाळिंब आणि द्राक्षे आली. दुष्काळ हेच एकमेव कारण असते तर पाणी आल्यावर सराफ पेठांतली दुकाने बंद व्हायला हवी होती. ती झाली नाहीत.