जुना हेर, नवा दिग्दर्शक

एखाद्या जुन्या शाळेंत नवे हेडमास्तर यावयाचे असले म्हणजे त्यांचें पाऊल आवारांत पडण्यापूर्वींच मुलांचीं मतें तयार झालेलीं असतात. कोणी म्हणतो, ते फार कडक आहेत. कोणी म्हणतो, त्यांच्या आधींच्या शाळेंत मुलें हंसत नसत. सन २०२५ च्या जून महिन्याच्या २५ तारखेस अशीच एक वार्ता जगभर पसरली. जेम्स बाँड या इंग्रज गुप्तहेराच्या चित्रपटमालेंतील पुढचा चित्रपट डेनी विलनव हे कॅनडांतील क्वेबेक प्रांताचे दिग्दर्शक करणार, असें ॲमेझॉन-एमजीएम या कंपनीनें जाहीर केलें, आणि त्या हेराच्या भक्तांत तत्काळ दोन तट पडले.

एका तटास अत्यानंद झाला. 'सिकारियो', 'अरायव्हल' आणि 'ड्यून'चे दोन भाग करणारा, प्रतिमेचें सामर्थ्य जाणणारा असा कसलेला कलावंत या मालेस लाभला, हेंच भाग्य, असें त्यांस वाटलें. दुसऱ्या तटानें मान हलविली. विलनव यांचे चित्रपट गंभीर, त्यांची चाल संथ. 'ब्लेड रनर २०४९' आणि 'ड्यून'चा दुसरा भाग हे दोन्ही पावणेतीन तासांच्या घरांत जाणारे, आणि त्या सगळ्या वेळांत हंसूं येईल असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच. मृत्यूच्या दाढेंतहि थट्टा करणारा बाँड अशा हातीं पडल्यावर त्याचा विनोद टिकेल काय, ही त्यांची शंका. स्वतः विलनव यांनीं आपण लहानपणीं वडिलांसमवेत हे चित्रपट पाहिल्याचें सांगितलें आणि हा हेर आपणांस पवित्र ठेव्यासारखा आहे असा निर्वाळा दिला. तरी शंका पुरती फिटली नाहीं.

या गलबल्यांत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दिग्दर्शकाच्या नांवावरून बाँडच्या भक्तांनीं एवढें अस्वस्थ व्हावें, हा प्रकारच नवा आहे. या मालेच्या पूर्वायुष्यांत दिग्दर्शक कोण, हा प्रश्न प्रेक्षक क्वचितच विचारीत.

इयान फ्लेमिंग यांची या हेरावरील पहिली कादंबरी 'कॅसिनो रोयाल' १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. आल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोघां निर्मात्यांनीं १९६१ मध्यें इऑन नांवाची संस्था काढली, आणि ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं लंडनमध्यें 'डॉक्टर नो' हा पहिला चित्रपट दाखविण्यांत आला. तेथून १९८९ पर्यंत या संस्थेनें सोळा चित्रपट काढले, आणि त्या सोळांस मिळून दिग्दर्शक होते अवघे पांच, पांचहि ब्रिटिश. कीर्तनांत बुवा बदलले तरी पूर्वरंग आणि उत्तररंग यांचा क्रम बदलत नाहीं, तसाच येथील प्रकार. पिस्तुलाच्या नळींतून दिसणारा नायक, मग 'एम'च्या कचेरींतील कानउघाडणी, 'क्यू'नें दिलेलीं अजब उपकरणें, दूर देशींचा प्रवास आणि शेवटीं खलनायकाच्या गुहेचा स्फोट! हा सांचा निर्मात्यांचा होता, आणि सांच्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

याचा अर्थ दिग्दर्शक केवळ हुकमाचे ताबेदार होते असा मात्र नव्हे. पहिले दिग्दर्शक टेरेन्स यंग हे दुसऱ्या महायुद्धांत रणगाडा-दळांत लढलेले, उंची कपडे आणि उत्तम भोजन यांचे शौकीन गृहस्थ. नायक शॉन कॉनरी हा एडिंबरोच्या गरीब वस्तींत वाढलेला आणि एकेकाळीं दूध घालणारा तरुण. यंग यांनीं त्याला आपल्या शिंप्याकडे नेलें, चालावें कसें आणि बोलावें कसें तें शिकविलें. पडद्यावरील बाँडचा डौल हा पुष्कळसा यंग यांचाच डौल होय, असें त्यांच्या सहकाऱ्यांनीं सांगून ठेविलें आहे. गाय हॅमिल्टन हे १९६४ च्या 'गोल्डफिंगर'ला आले, तेव्हां त्यांनीं 'क्यू'चें काम करणारे डेस्मंड लेवेलिन यांस एक लहानशी सूचना केली. हा बाँड तुझीं उपकरणें कधीं धड परत आणीत नाहीं, तेव्हां तुला त्याचा राग आला पाहिजे! त्या एका सूचनेवर लेवेलिन यांनीं १९९९ पर्यंत आपली भूमिका चालविली. पण चित्रगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांस हॅमिल्टन हें नांव ठाऊक नसे. ते गाडी आणि गाणें यांचें वर्णन करीत घरीं जात.

भक्तांनीं नव्या दिग्दर्शकाच्या कृतीकडे खऱ्या अर्थानें पाठ फिरविली ती १९६९ सालीं, आणि ती कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

पीटर हंट हे आरंभापासून या मालेचे संकलक. चित्रफितीचे तुकडे जुळविणें हें काम पडद्यामागचें आणि बिननांवाचें. हंट यांनीं मात्र त्यांत एक वेगळीच रीति आणली. मनुष्य दारांतून निघाला, जिना उतरला, मोटारींत बसला, असें सगळें सावकाश न दाखवितां ते मधले दुवे बेलाशक छाटीत. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्यें आगगाडीच्या डब्यांत कॉनरी आणि रॉबर्ट शॉ यांची झुंज आहे. कोंदट जागा, फुटलेला दिवा आणि क्षणोक्षणीं बदलणारें चित्र, यांमुळें पाहणाऱ्याचा श्वास अडतो. त्या झुंजीचें अर्धें श्रेय संकलकाच्या कात्रीला दिलें पाहिजे. पुढें मारामारीचे प्रसंग रचणाऱ्या सर्व देशांच्या चित्रपटकारांनीं हा धडा गिरविला.

हंट यांस दिग्दर्शनाची संधि मिळाली ती 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'च्या वेळीं. प्रसंग कठीण होता. कॉनरी यांनीं काम सोडलें होतें आणि त्यांच्या जागीं जॉर्ज लेझनबी हा जाहिरातींत झळकलेला ऑस्ट्रेलियन तरुण आला होता. अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य. हंट यांनीं तरीहि ठरविलें कीं, आपण फ्लेमिंग यांच्या कादंबरीशीं इमान राखावयाचें. उपकरणांचा पसारा त्यांनीं कमी केला. स्वित्झर्लंडमधील शिल्थॉर्न शिखरावर चित्रीकरण केलें. बाँडला खरोखर प्रेमांत पाडलें, त्याचें लग्न लाविलें, आणि लग्नानंतर थोड्याच वेळांत रस्त्यावर त्याच्या पत्नीची हत्या दाखवून, तिचें मस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या नायकावर चित्रपट संपविला.

प्रेक्षक दिङ्मूढ झाले. हा आमचा बाँड नव्हे, अशी तक्रार झाली. नवा नट, दुःखान्त शेवट आणि जवळजवळ अडीच तासांची लांबी, यांपैकीं दोष कोणाचा हें निवडीत बसण्याची कोणास गरज वाटली नाहीं. आधींच्या चित्रपटाच्या मानानें उत्पन्न कमी आलें. लेझनबी यांनीं तर चित्रपट लागण्यापूर्वींच आपण पुन्हां हें काम करणार नाहीं असें सांगून टाकिलें होतें. निर्मात्यांनीं १९७१ मध्यें कॉनरी आणि हॅमिल्टन या दोघांनाहि परत बोलाविलें, थट्टामस्करी पुन्हां सुरू झाली, आणि पत्नीच्या मृत्यूचा शोक जणूं झालाच नव्हता. हंट यांस या मालेंत पुन्हां दिग्दर्शन मिळालें नाहीं.

पुढें तीस-चाळीस वर्षांत याच चित्रपटाविषयींचें मत पालटलें. ज्या भक्तांच्या वडिलांनीं तो नाकारला, तेच भक्त त्यास पहिल्या पंक्तींत बसवूं लागले. क्रिस्टोफर नोलन यांनीं आपला सर्वांत आवडता बाँडपट म्हणून त्याचें नांव घेतलें. स्टीव्हन सोडरबर्ग यांनीं चित्रभाषेच्या दृष्टीनें मालेंत तो श्रेष्ठ असल्याचें लिहिलें. २०२१ च्या 'नो टाइम टु डाय'मध्यें लुई आर्मस्ट्राँग यांचें त्या जुन्या चित्रपटांतील गीत पुन्हां वाजलें, तेव्हां चित्रगृहांतील जाणत्यांस त्याचा अर्थ सांगावा लागला नाहीं. हंट २००२ सालींच निवर्तले होते.

१९६९ च्या अनुभवानें निर्माते अधिकच सावध झाले असावेत. १९७० नंतरच्या दशकांत स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं स्वतः होऊन ब्रोकोली यांच्याकडे बाँडपट मागितला होता; तो त्यांस मिळाला नाहीं. त्यांनीं मग इंडियाना जोन्स हा दुसराच वीर उभा केला. ब्रोकोली यांनीं आपला चित्रपट सोंपविला तो जॉन ग्लेन या घरच्याच संकलकाकडे. दोघांचे ते चित्रपट एकाच महिन्यांत, जून १९८१ मध्यें, प्रदर्शित झाले. ग्लेन यांनीं ओळीनें पांच चित्रपट केले, वेळेवर केले आणि सांचा मोडला नाहीं. त्यांपैकीं १९८३ चा 'ऑक्टोपसी' हिंदी प्रेक्षकांस अधिक परिचित, कारण त्याचें चित्रीकरण उदेपूरच्या सरोवरांतील राजवाड्याच्या परिसरांत झालें आणि कबीर बेदी व विजय अमृतराज यांनीं त्यांत कामें केलीं. गारुडी, निखाऱ्यांवर चालणारे, खिळ्यांच्या शय्येवर निजणारे यांची त्यांत इतकी गर्दी आहे कीं, उदेपूरकरांस आपलें गांव ओळखूं येणें कठीण! पण त्यासाठीं एकट्या ग्लेन यांस दोष देणें अन्यायाचें होईल. दूर देश म्हणजे नवलाईचा बाजार, हा सांच्याचाच एक भाग होता.

१९८९ नंतर कायद्याच्या तंट्यामुळें सहा वर्षें चित्रपट निघाला नाहीं. ब्रोकोली १९९६ मध्यें वारले. कारभार कन्या बार्बरा आणि सावत्र पुत्र मायकेल विल्सन यांच्या हातीं आला. आतां मात्र रीत बदलली. १९९५ ते २०२१ या काळांत चित्रपट झाले नऊ आणि दिग्दर्शक सात. तरी २००५ च्या ऑक्टोबरांत डॅनिअल क्रेग यांचें नांव नायक म्हणून जाहीर झालें, तेव्हांचें वादळ आठवावें. त्यांचे केस सोनेरी, उंची बेताची, म्हणून बहिष्काराची हांक देण्यांत आली. दिग्दर्शक मार्टिन कॅम्बेल यांच्याबद्दल फारसा कोणी शब्द काढला नाहीं. आणि पुढच्या वर्षीं ज्या 'कॅसिनो रोयाल'नें विरोधकांचीं तोंडें बंद केलीं, तो उभा केला होता त्याच कॅम्बेल यांनीं.

दिग्दर्शकाच्या नांवावर भक्तांची दृष्टि खिळली ती त्यानंतरच. २००८ च्या 'क्वांटम ऑफ सोलस'मध्यें मार्क फॉर्स्टर यांनीं दृश्यें इतकीं झरझर तोडलीं कीं, कोण कोणास मारतो तें कळेना. लेखकांच्या संपामुळें संहिताच अपुरी होती, ही अडचण प्रेक्षकांस कोठून दिसणार? हंट यांची तीच कात्री, पण हात निराळा. मग ऑस्कर पारितोषिक मिळविलेले, नाट्यगृहांत नांवाजलेले सॅम मेंडिस आले. नाटकाच्या माणसास ही धांवपळ झेपेल काय, अशी कुजबुज झाली. त्यांचा 'स्कायफॉल' २०१२ मध्यें लागला आणि त्यानें एक अब्ज डॉलरांवर उत्पन्न मिळवून या मालेंत उच्चांक केला. दिग्दर्शकाच्या नांवावर चित्रपट तरूं शकतो, हें सर्वांस तेव्हां पटलें.

त्यामुळें पुढील नांवाची चर्चा राजकारणासारखी होऊं लागली. मुंबईंत 'स्लमडॉग मिलियनेर' चित्रित करणारे डॅनी बॉइल यांची निवड २०१८ च्या मे महिन्यांत जाहीर झाली. ऑगस्टांत मतभेद होऊन ते बाहेर पडले, आणि सप्टेंबरांत कॅरी फुकुनागा हे आले. इऑनच्या बाँडपटाचे ते पहिले अमेरिकन दिग्दर्शक. पण त्या तीन महिन्यांच्या पेचांतहि शेवटचा शब्द कोणाचा, याविषयीं संशय नव्हता. घर जुनें होतें आणि यजमान जागे होते.

तेंच घर २०२५ मध्यें बदललें. ॲमेझॉननें एमजीएम ही संस्था २०२२ सालींच विकत घेतली होती. तरी बाँडचे निर्णय ब्रोकोली-कुटुंबाकडेच होते. तो अधिकार नव्या मालकांकडे जाणार, असें २० फेब्रुवारी २०२५ रोजीं जाहीर झालें. बार्बरा ब्रोकोली आणि विल्सन यांचा वांटा राहिला, किल्ली मात्र कमरेची सुटली. त्या दिवशीं भक्तांस जी भीति वाटली ती साधीसुधी नव्हती. एका हेराच्या दहा शाखा निघतील, उपकथांचा बाजार मांडला जाईल, आणि साठ वर्षें जपलेलें दुर्मिळपण जाईल, ही ती भीति. चार महिन्यांनीं विलनव यांचें नांव आलें तें या पार्श्वभूमीवर. दुकानदाराच्या वजनावर विश्वास नसला म्हणजे गिऱ्हाईक मालावरील छाप निरखून पाहतें, त्याप्रमाणें भक्तांनीं त्या नांवाकडे पाहिलें. ज्यांना आनंद झाला, त्यांना मुख्यतः हायसें वाटलें होतें. ज्यांनीं विनोदाची चिंता केली, त्यांना आतां दाद मागावयास दुसरी जागा उरली नव्हती.

घोषणेच्या वेळीं विलनव यांच्या हातांत 'ड्यून'चा तिसरा भाग होता, म्हणून बाँडला थांबणें प्राप्त होतें. निर्माते म्हणून एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन यांचीं नांवें मार्चमध्येंच ठरलीं होतीं. जुलैअखेर स्टीव्हन नाइट यांस लेखनाचें काम देण्यांत आलें. नायकाचें नांव त्या जूनच्या घोषणेंत नव्हतें, आणि भक्तांचा पुढचा वाद तेथूनच सुरू झाला.