कृत्तिका दिसल्या तर

माळवदावर टाकलेल्या वाकळेवर तुम्हाला जाग येते. १९७२ चा जुलै. पहाटेचे चार वाजले असावेत. खाली अंबाजोगाई झोपलेली आहे. वारा भणाणतोय, पण त्याला ओल्या मातीचा वास नाही. ईशान्येला लिंबाच्या शेंड्यावर चांदण्यांचा एक झुबका लकाकतोय. डोळे बारीक करून पाहिलं तर सहा मोजता येतात. कृत्तिका.

शेजारच्या वाकळेवरची आजी कधीची जागी आहे. "मिरग गेला, आर्द्रा गेल्या," ती म्हणते, "आन् ह्या बाया अजून उघड्या आभाळात हिंडायल्यात. ढग असते तर दिसल्या असत्या का लेकरा?"

तुम्ही गप्प राहता. आजीला अक्षरओळख नाही, पण पाडव्याला देवळात जोशीबुवांनी वाचलेलं वर्षफल तिनं मन लावून ऐकलंय. पाऊस किती आढक, कोणत्या नक्षत्राचं वाहन कोणतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की बायका एकमेकींकडे बघून हसतात, कारण पाऊस भरपूर. नवरात्रात घटाच्या मातीत पेरलेलं धान कसं उगवलं, पिवळं पडलं की तरारलं, त्यावरून ती रब्बीचा अंदाज बांधते. मला तर ती देवापुढे घेतलेली बियाण्याची चाचणीच वाटते. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, भोवती धान्यांचं रिंगण. रात्रभर तिथे कुणी थांबत नाही आणि पहाटे काय हललं, काय भिजलं ते वाचतात.

यंदाचं सगळं वाचून झालंय आणि आभाळ उघडं आहे. थोड्याच दिवसांत आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाईल. लेकरांना सुकडी मिळेल, रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळेल. ती मिलो भाकरीला धड येत नाही म्हणून ती चुलीपुढे रडेल, आणि तरी थापेल.

त्या झुबक्यावरून नजर हलवू नका. पुढचा रस्ता तोच दाखवणार आहे.

वर्षं मागे सरकतात. साधारण १६०८. गावाला आता जोगाईचं आंबे म्हणतात. समईच्या उजेडात एक पन्नाशी उलटलेला माणूस लिहितोय. दासोपंत. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, असं हे गाव पुढे शतकानुशतकं सांगत राहील. कागदानं त्यांचं भागलं नाही. ४० हात लांबीची सांगतात त्या पासोडीवर, कापडावर, त्यांनी पंचीकरण लिहिलं, आणि गावानं ती आजवर जपली. त्यांच्या लहानपणी दुष्काळामुळे वडिलांना सारा भरता आला नाही, म्हणून बीदरच्या बादशहानं या पोराला ओलीस ठेवलं, अशी कथा आहे. पाऊस चुकला की किंमत कुणाच्या अंगावर येते, हे या माणसाला कुणी शिकवायला नको. तुम्ही त्यांच्या दारात उभे राहता, टाकाची कुरकुर ऐकता आणि आवाज न करता मागे फिरता.

कारण याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आणखी कुणीतरी लिहितोय. पेरू देशात, लिमाच्या पूर्वेच्या डोंगरांत, वारोचिरी नावाच्या मुलखात. हवा विरळ, थंडी हाडापर्यंत जाणारी. भाषा केचुआ. फ्रान्सिस्को दे आविला नावाचा पाद्री इथल्या लोकांचे देव मोडून काढायला निघालाय आणि त्यासाठी त्यांच्या श्रद्धांची माहिती गोळा करतोय. जे पुसून टाकायचं होतं तेच या खटाटोपातून कागदावर उरलं. तुम्ही लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावता. त्यात कृत्तिकांबद्दल लिहिलेलं आहे. त्या मोठ्या होऊन उगवल्या तर वर्ष पिकतं, अगदी बारीक उगवल्या तर हाल. केचुआ बोलणारे पुष्कळ लोक या झुबक्याला कोल्का म्हणतात. कोल्का म्हणजे धान्याचं कोठार. आजीला सांगितलं असतं तर ती लगेच म्हणाली असती, पेव म्हणा की.

आता चारशे वर्षं पुढे या, पण डोंगर सोडू नका. जूनचा शेवट, संत योहानाच्या सणाच्या आगेमागेची रात्र. काही शेतकरी अंधारात चढण चढतायत, तुम्ही त्यांच्यामागून. वर पोचल्यावर कुणी बोलत नाही. पहाटेच्या जरा आधी ईशान्येला झुबका वर येतो आणि सगळे तो न्याहाळू लागतात. किती तेजस्वी, किती मोठा, सगळ्यात ठळक चांदणी कोणत्या कडेला. आज तो धुरकट आहे. बस्स, एवढंच बघायचं होतं. उतरताना एकजण बोटांवर आठवडे मोजतो. बटाट्याची लावण एरवी ऑक्टोबरच्या आसपास होते. यंदा ती महिना-दीड महिना पुढे ढकलायची.

२००० साली बेन ऑर्लोव्ह, जॉन चियांग आणि मार्क केन या तिघांनी 'नेचर' नियतकालिकात याचा उलगडा छापला. एल निनोच्या वर्षी त्या भागावर फार उंच, फार पातळ ढगांचा थर वाढतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण चांदण्या त्यामागे मंद होतात. आणि त्याच वर्षी तिथला पाऊस घटतो. डोंगरातली माणसं शेकडो वर्षं पॅसिफिक महासागराचं तापमान वाचत होती, महासागराकडे न बघता.

हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं भाकीत म्हटलं की आपल्याला २०१२ ची जगबुडी आठवते. माया लोकांच्या कालगणनेत त्या डिसेंबरात तेरा बाक्तूनांचं आवर्तन पूर्ण होत होतं, प्रत्येक बाक्तून १,४४,००० दिवसांचा. पालेंकेच्या एका शिलालेखात तर थेट इसवी सन ४७७२ मधली तारीख कोरलेली आहे. जग बुडणार असं मानणारा माणूस इतक्या पुढची तारीख दगडात कोरत बसेल का? बटाट्याची लावण कधी करायची, एवढंच सांगणारं भाकीत मात्र आपल्यापर्यंत पोचलं नाही. त्यात भीती नव्हती, म्हणून त्याची बातमी झाली नाही.

डोंगर उतरून किनाऱ्याला या. पेरूच्या पाइता बंदरातले कोळी नाताळाच्या सुमाराला येणाऱ्या कोमट प्रवाहाला बाळ येशूचं नाव देतात, एल निनो. १८७७ साली हे पाणी भयंकर तापलंय. आता कृत्तिकांकडे बघत परत फिरा, त्याच वर्षीच्या अंबाजोगाईला. निजामी राज्यात तिचं नाव मोमिनाबाद आहे आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी आहे. दख्खनभर दुष्काळ आहे. रस्त्यानं माणसं चालतायत, हाडांना कातडी चिकटलेली. कुणाच्या काखोटीला मूल आहे, ते रडतही नाही. इथे मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही, पण नजर वळवू नका एवढं मागणं आहे. कोळ्यांचं कोमट पाणी आणि या रस्त्यावरची धूळ यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. या दुष्काळानंतरच सरकारला पावसाच्या अंदाजाची निकड वाटली. हेन्री ब्लॅनफर्डनं हिमालयातल्या बर्फावरून १८८६ मध्ये पहिला अधिकृत अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकरनं हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्यावरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधला. एक बाजू वर गेली की दुसरी खाली. हा झोका आणि ते कोमट पाणी एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे जेकब ब्यर्कनेसनं १९६९ मध्ये दाखवलं. झोका दर वेळी आपल्यावरच उलटतो असंही नाही. १९९७ चा एल निनो प्रचंड होता आणि तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. १९७२ ला, २०१५ ला मात्र उलटला.

एप्रिल २०१६. लातूरच्या स्टेशनात मिरजेहून पाण्याची रेल्वे येतेय. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण, ज्याचं पाणी अंबाजोगाईलाही येतं, तळाला भेगाळलंय. एल निनोची खबर सगळ्या जगाला महिनोन्महिने आधी लागली होती. उपग्रह होते, महासागरात तरंगणारे बोये होते, संगणक होते. तरी मांजरेच्या खोऱ्यात ऊस उभा होता. पेरूतल्या त्या माणसाला फक्त एक धुरकट चांदणी मिळाली होती आणि त्यानं लावण थांबवली. थांबणं त्याला परवडत होतं, कारण बियाणं त्याच्या घरचं होतं आणि कोठाराची सवय त्याच्या आभाळातही शिरलेली होती. आपल्याकडे बियाणं उधारीवर येतं, कर्जाचा हप्ता मृगाआधीच दारात उभा असतो. पेव तर कुठल्याच अंगणात उरलं नाही. अंदाज ऐकणाऱ्याला थांबायची ऐपत नसेल तर तो अंदाज त्याच्या कानाशीच संपतो. मला याचं दुःख होतं, आणि रागही येतो.

आता वर्तमानात या. आजचा जून, त्याच घराच्या जागी उभ्या राहिलेल्या स्लॅबच्या गच्चीवर. रात्री एक सर येऊन गेलीय. पोरगा मोबाइल पुढे करतो. कृषी विभागाचा संदेश आहे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. शेजाऱ्यानं कालच चाड्यावर मूठ धरलीय. सोयाबीनची पिशवी ओसरीत उभी आहे.

"पेरायचं का?" पोरगा विचारतो.

तुम्ही त्याला घेऊन शेतावर जाता. वाकून तासात हात खुपसता. चार बोटं गार लागतात, त्याखाली भुसभुशीत, कोमट, कोरडं. पहाट अजून फुटायची आहे. मान वर करता. ढग पांगलेत आणि ईशान्येला, बांधावरच्या बाभळीमागून, त्या सहाजणी वर येतायत.

हात धोतराला पुसून तुम्ही घरी येता आणि पिशवीची सुटलेली सुतळी पुन्हा आवळून बांधता.