कचरा नव्हे, निरोप

आई दम्याची, घर मुलुंडच्या डम्पिंगजवळ. ते डम्पिंग १९६७ साली सुरू झालं. त्याच वर्षी पीटर वुल्फ या ब्रिटिश संशोधकाने रक्तातल्या प्लेटलेट्समधून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांना ‘धूळ’ म्हटलं. पुढे १९८०च्या दशकातही पेशींबाहेर पडणाऱ्या अशा चिमुकल्या पिशव्यांना, म्हणजे व्हेसिकल्सना, पेशींचा कचराच समजत. १९९६मध्ये दिसलं, की बी पेशींच्या पिशव्या टी पेशींना चेतवतात. ॲलर्जीच्या दम्यातही श्वासनलिकेतल्या पेशी अशाच पिशव्यांतून सूज वाढवणारे निरोप धाडतात. ते वाटेत अडवता येतील का, यावर संशोधन चालू आहे. मुलुंडचं डम्पिंग २०१८मध्ये बंद झालं. आईचा पंप मात्र अजून उशाशीच असतो.