आभार न मागणारं घर

वृद्ध, गरजू संगीतकारांसाठी ऑपेरा-रचनाकार ज्युझेप्पे व्हेर्दी यांनी मिलानमध्ये स्वखर्चाने घर बांधलं. वास्तुविशारद कामिलो बोइतो यांनी १८९९ पर्यंत इमारत उभी केली. दारं मात्र उघडली १० ऑक्टोबर १९०२ रोजी, व्हेर्दींच्या मृत्यूनंतर. आपले आभार मानण्याची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून त्यांनीच तसं ठरवलं होतं. वृद्धाश्रमांच्या इतिहासात हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. दाता समोर असला की कृतज्ञतेचं ओझं होतं. तो बाजूला झाला की ती शेजारच्या खोलीतल्या सोबत्याकडे वळते. एकाच पेशातली माणसं एकत्र राहिली तर त्यांचं जग आक्रसेल, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथे आता संगीताचे तरुण विद्यार्थीही राहतात. आणि दाता गेल्यावरही व्हेर्दींच्या ऑपेरांच्या रॉयल्टीवर हे घर कित्येक दशकं चाललं.