मुंबईच्या हिपहॉपमधील प्रादेशिक स्पर्धा आणि बोली

कलगी आणि तुरा ह्या शाहिरी पक्षांतील झगडा सिद्धान्ताचा होता. तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व प्रतिपादीत. शाहीर कोणत्या गावचा, हा प्रश्न तेथे गौण असे. हिपहॉपमध्ये नेमका हाच प्रश्न अग्रभागी येतो. १९८६-८७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्स व क्वीन्सब्रिज येथील रॅपगायकांत जे भांडण जुंपले, ते ह्या कलेचे जन्मस्थान कोणते, ह्यावरच.

मुंबईत हे गाणे प्रथम इंग्रजी वेषात आले. अंधेरीच्या जे. बी. नगरातील विवियन फर्नांडिस (डिव्हाइन) आणि बिलाल शेख (एमिवे बंटाई) ह्या दोघांनीही आरंभी इंग्रजीतच रचना केल्या व पुढे मुंबईची हिंदी स्वीकारली. डिव्हाइन ह्यांनी कुर्ल्याच्या नावेद शेख (नेझी) ह्यांच्यासह २०१५ मध्ये केलेले 'मेरे गली में' हे त्या वळणावरचे ठळक गीत होय. 'एमिवे बंटाई' ह्या नावात तर हे स्थित्यंतर गोठूनच राहिले आहे: पूर्वार्ध एमिनेम व लिल वेन ह्या अमेरिकन गायकांच्या नावांतून, उत्तरार्ध 'भाऊ' ह्या अर्थाच्या मुंबईच्या रस्त्यावरील शब्दातून.

२०१८ मध्ये एमिवे आणि दिल्लीचे रफ्तार ह्यांच्यात गीतांतून खटका उडाला, तेव्हा श्रोत्यांनी त्यास मुंबई विरुद्ध दिल्ली असे रूप दिले. वस्तुतः रफ्तार मल्याळी कुटुंबातले, तर एमिवे जन्माने बंगळूरचे. प्रदेशाचा दावा जन्मावर नव्हे, बोलीवर उभा होता.

त्या बोलीत मराठीचा अंश मोठा आहे. 'राडा' किंवा 'वाट लगना' ह्यांचे मूळ सांगावयास नकोच. परंतु दिल्लीशी सामना करताना मुंबईची बोली एकसंध मानली जाते आणि तिच्यातील मराठी निव्वळ मसाला ठरते. कांदिवलीसारख्या उपनगरात हे विशेष जाणवते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० नंतरच्या दशकात आखल्या गेलेल्या चारकोपच्या वसाहतीत आणि तिच्या आसपास मराठी, गुजराती व हिंदी घरे शेजारी नांदतात. तेथील तरुण गाऊ लागला की घरची भाषा उंबऱ्याआड राहण्याचाच संभव अधिक. अंधेरीचा ४०००५९ हा टपाल क्रमांक डिव्हाइन ह्यांनी अभिमानाने मिरविला. कांदिवलीच्या ४०००६७ व ४००१०१ ह्यांना तशी कीर्ती लाभलेली नाही.

मराठी स्वतःच्या पायावर उभी राहिली ती ह्या स्पर्धेबाहेर. 'स्वदेसी' ह्या बहुभाषिक मुंबईकर गटाच्या 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) ह्या रचनेत अमरावतीचे सौरभ अभ्यंकर मराठीतून रॅप करतात. त्यांच्या जोडीला आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर ह्यांचा स्वर आहे. तेथे प्रतिस्पर्धी दिल्ली नाही. वाद जमिनीचा आहे.