एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाहांचे मीटर

विद्युत् मंडलातील प्रवाह, दाब, शक्ती किंवा ऊर्जा मोजणारी उपकरणे. त्यांतील काही फक्त एकदिश म्हणजे डीसी प्रवाहावर चालतात, काही फक्त प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाहावर आणि काही दोन्हींवर. काटा, तबकडी आणि जोडणीची दोन अग्रे असे बाह्यरूप बहुधा सारखेच असते. प्रवाहाची दिशा उलटली की काटा फिरवणारा पीळही उलटतो की नाही, हा त्यांतला खरा भेद होय.

एकदिश मापनाचे मुख्य उपकरण म्हणजे स्थिर चुंबक व चल वेटोळे असलेला मीटर. दार्सोंव्हाल यांच्या १८८२ मधील गॅल्व्हानोमीटरवरून ही रचना आली आणि एडवर्ड वेस्टन यांनी तिला सहज हाताळता येईल असे टिकाऊ रूप दिले. नालाकृती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये बारीक तारेचे वेटोळे टोकदार आसावर फिरते आणि केसासारखी स्प्रिंग त्याला मागे ओढते. पीळ प्रवाहाच्या समप्रमाणात असल्यामुळे तबकडीवरचे भाग सारख्या अंतरावर पडतात. जोडणी उलटी झाली तर काटा शून्याच्या डावीकडे जाऊन अडतो, म्हणून अग्रांवर धन आणि ऋण खुणा असतात.

हाच मीटर ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर लावला, तर पिळाची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते. वेटोळ्याला तेवढ्या वेगाने मागे-पुढे होता येत नाही आणि काटा शून्यापाशी फार तर किंचित थरथरतो. मीटर बिघडलेला नसतो. तो सरासरी दाखवतो आणि या प्रवाहाची सरासरी शून्यच असते. पाठ्यपुस्तके हे एका ओळीत उरकतात, पण जिवाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट या विषयात दुसरी नाही. मल्टिमीटरची खुंटी डीसी व्होल्टवर राहिली आणि तारा घरातल्या सॉकेटला लावल्या, तर पडद्यावर शून्याजवळचा आकडा येतो. सॉकेटमध्ये मात्र २३० व्होल्ट असतात आणि प्रत्येक आवर्तनात दाब सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत चढतो.

प्रत्यावर्ती प्रवाहासाठी पीळ प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असावा लागतो, कारण वर्गाला दिशा नसते. चल लोखंडाच्या मीटरमध्ये स्थिर वेटोळ्याच्या आत दोन मऊ लोखंडी पत्र्या एकाच वेळी चुंबकित होऊन एकमेकींना दूर ढकलतात. प्रवाह कोणत्याही दिशेने वाहो, ढकलणे कायम राहते. हा मीटर वर्गमाध्यमूळ म्हणजे आरएमएस मूल्य दाखवतो. त्याच्या तबकडीवर सुरुवातीचे आकडे दाटीने बसतात आणि पुढे विरळ होत जातात. कारखान्याच्या पॅनेलवर तो त्यावरूनच ओळखू येतो. डीसीवरही तो चालतो, मात्र पत्र्यांत उरलेल्या चुंबकत्वामुळे प्रवाह वाढताना आणि उतरताना वाचन थोडे वेगळे येते.

दुसरा मार्ग म्हणजे चल वेटोळ्याच्या मीटरआधी रेक्टिफायर म्हणजे एकदिशकारक बसवणे. अशा मीटरला मुळात सरासरीच कळते. ज्या-तरंगासाठी म्हणजे साइन तरंगासाठी तिला १.११ ने गुणून आरएमएसचे आकडे छापलेले असतात. तरंगाचा आकार बदलला की हा गुणक चुकतो. शुद्ध चौकोनी तरंगाचे खरे मूल्य २३० व्होल्ट असेल, तर हा मीटर सुमारे २५५ दाखवतो. संगणक किंवा एलईडी दिवे टोकदार ठोक्यांनी प्रवाह घेतात, तेथे वाचन उलट कमी येते आणि तार तापत असूनही भार बेताचा वाटतो. अशा जागी ‘ट्रू आरएमएस’ मीटरच वापरावा. अर्धतरंगी रेक्टिफायर असलेल्या स्वस्त डिजिटल मल्टिमीटरवर आणखी एक चूक सहज पाहता येते : एसी व्होल्टवर ठेवून ९ व्होल्टची बॅटरी मोजली, तर एका बाजूने २० च्या आसपास आकडा येतो आणि तारा उलटवल्या की शून्य.

मोठा प्रवाह मोजताना डीसीसाठी शंट लावतात. शंट म्हणजे अगदी कमी रोधाची पट्टी. तिच्यावर पडणारा काही मिलिव्होल्टचा दाब मीटर वाचतो. एसीसाठी प्रवाह रोहित्र म्हणजे सीटी वापरतात. त्याच्या दुय्यम बाजूला ५ किंवा १ अँपिअर मिळतो, आणि मुख्य तारेतून प्रवाह चालू असताना ती बाजू कधीही उघडी ठेवायची नसते, कारण तेथे धोकादायक दाब निर्माण होतो. स्थिर डीसीवर सीटी काहीच दाखवत नाही. साधा टाँग टेस्टर सीटीच असल्याने सौर पॅनेलकडून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या तारेवर तो निरुपयोगी ठरतो. तेथे हॉल परिणामावर चालणारा क्लॅम्प मीटर लागतो.

शक्तिमापनात डीसीसाठी दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार पुरतो. एसीत दोन्हींच्या कलांमध्ये अंतर पडू शकते, म्हणून वॉटमीटर लागतो. दोन वेटोळ्यांचा विद्युत् गतिमापी प्रकारचा वॉटमीटर डीसी आणि एसी दोन्हींवर चालतो.

ऊर्जेच्या मीटरांचा इतिहासही याच भेदाने घडला. एडिसन यांच्या डीसी ग्राहकांकडे जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असत. ठरावीक काळाने त्या काढून, त्यांचे वजन करून बिल काढत. एसीवर जस्त जेवढे एका बाजूला जमते तेवढेच परत विरघळते, म्हणून ही पद्धत तेथे चालली नाही. शॅलनबर्गर यांचा १८८८ चा मीटर आणि ओट्टो ब्लाथी यांचा १८८९ चा प्रवर्तन मीटर यांनी तो प्रश्न सोडवला. घरोघरी दिसणारी ॲल्युमिनियमची फिरती चकती याच प्रवर्तन मीटरांच्या परंपरेतली. चकतीत बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळेच प्रवाह निर्माण होतात, म्हणून डीसीवर ती फिरत नाही. शिवाय दाबाच्या वेटोळ्याचा रोध कमी असल्याने ते जळू शकते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर ३ फेब्रुवारी १९२५ पासून १,५०० व्होल्ट डीसी पुरवठा होता. २०१६ पर्यंत त्याची जागा २५,००० व्होल्ट एसीने घेतली. अशा बदलात केवळ तबकडी बदलून भागत नाही. शंटच्या जागी सीटी आणि दाब रोहित्र येतात व संरक्षक रिलेही नव्याने निवडावे लागतात.

मीटर जोडण्यापूर्वी तबकडीवरच्या खुणा पाहाव्यात : सरळ रेघ डीसीची, नागमोडी रेघ एसीची, आणि दोन्ही असल्या तर मीटर दोन्हींसाठी. नालाकृती चुंबकाची खूण चल वेटोळ्याची असते; तिच्या शेजारी डायोडचे चिन्ह असेल, तर आत रेक्टिफायर आहे.