घाटेअळीचे शेवटचे १२० तास

स्थळ: राहुरी तालुक्यातले हरभऱ्याचे कुठलेही रान. वाण तिथल्याच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, ‘दिग्विजय’. घाटे भरू लागलेत. खालच्या वेळा ढोबळ आहेत. अळी मोठी असली किंवा थंडी वाढली की त्या लांबतात.

१२० तास बाकी, सायंकाळी ६
पंपात घाटेअळीला मारणारा एचएएनपीव्ही हा विषाणू, हेक्टरी ५०० एलई (अळी-समतुल्य मात्रा), आणि थोडी नीळ. अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी ऊन उतरल्यावर, नीळही त्यासाठीच. द्रवात विषाणूचे सूक्ष्म स्फटिक असतात; प्रत्येक स्फटिकात विषाणू प्रथिनाच्या कवचाआड बंद. तो ना खातो, ना हलतो. कुणीतरी गिळावे लागते.

११९ तास बाकी, सायंकाळी ७
अळी पान कुरतडते. तिचे आतडे तीव्र अल्कधर्मी. त्यात कवच काही मिनिटांत विरघळते. पक्ष्याच्या आम्लधर्मी पोटात मात्र ते शाबूत राहते. हे पुढे कामी येणार आहे.

९६ तास बाकी
बाहेरून सारे ठीक. डोके घाट्यात, अर्धे अंग बाहेर, खाणे चालू. एक अळी आयुष्यात ३० ते ४० घाटे पोखरते. शेतकऱ्याला वाटते, औषध लागू पडले नाही. आत, आतड्याच्या पेशींच्या केंद्रकांत, विषाणूच्या प्रती निघत आहेत.

७२ तास बाकी
श्वासनलिकांवाटे संसर्ग रक्तात आणि चरबीत पोहोचतो. विषाणूचे ‘ईजीटी’ जनुक कात टाकायला लावणारे संप्रेरक निष्प्रभ करते. कात टाकताना अळी खायची थांबते, आणि विषाणूला ते परवडत नाही. आता ती खाते ती त्याच्यासाठी.

४८ तास बाकी
अंग फिकट, तेलकट. हालचाल मंद.

३० तास बाकी, दुपारी १२
अळी शेंड्याकडे निघते, भर उजेडात, पक्ष्यांच्या नजरेसमोर. जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्यांना वर चढवण्यामागे ‘ईजीटी’च असल्याचे अमेरिकेत २०११ साली दिसले. विषाणू घाटेअळीची प्रकाशाची ओढ वाढवतो, हे चिनी संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले.

१२ तास बाकी, सकाळी ६
मागच्या पायांनी शेंडा घट्ट धरून, डोके खाली टाकून ती लोंबकळते.

० तास
विषाणूची विकरे आतून मांस आणि कातडी विरघळवतात. अळी फुटते, द्रव खालच्या पानांवर गळतो. पूर्ण वाढलेल्या एका अळीतून सुमारे ६ अब्ज स्फटिक निघतात. एक एलई म्हणजे तेवढेच.

त्यानंतर
खालच्या पानांवर दुसरी अळी चरू लागते. पक्षीथांब्यावरची साळुंकी एखादी रोगट अळी टिपते आणि विष्ठेतून विषाणू पलीकडच्या रानात नेते. काही शेतकरी मेलेल्या अळ्या वेचतात, ठेचून गाळतात आणि पुन्हा फवारतात.  असा हा परजीवी इथे पैसे मोजून, बाटलीवरची तारीख बघून घरी आणला जातो.